केबल बदलून दाते जात नाहीत

२००३च्या सिंहस्थात रामकुंडावर हँडीकॅमने केलेलं शूटिंग लॅपटॉपवरून टीव्हीवर लावलं, की डुबकी मारणाऱ्याच्या हातांना कंगव्यासारखे दाते फुटतात. ‘एचडीएमआय केबल भारीतली घ्या,’ हा सल्ला नाशकात वर्षानुवर्षं फिरतोय. केबल बिचारी निर्दोष आहे! पाल (PAL) या भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या त्या चित्रणात सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात: एकात विषम ओळी, पुढच्यात सम. मधल्या १/५० सेकंदात हात सरकतो आणि कॉम्प्युटर दोन्ही अर्धी तशीच एकत्र दाखवतो. मागचा घाट मात्र स्वच्छ दिसतो. तो हलतोय कुठे? व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं) चालू करून त्यातला ‘याडिफ २एक्स’ हा पर्याय निवडा, डिस्प्ले ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांवर ठेवा. ‘ब्लेंड’ हा पर्याय नको, त्यात एका हाताचे दोन दिसतात.