१.२ एमबीचा ड्राइव्ह ३६०ची फ्लॉपी वाचतो, पण त्याला तिच्यावर लिहू देऊ नका

जुने पीसी दुरुस्त करणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: "सव्वापाच इंचीचा १.२ एमबीवाला ड्राइव्ह घे, तो ३६० केबीच्या फ्लॉप्यापण चालवतो. एकात दोन्ही कामं." हा सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यापायी धडधाकट ३६०चे ड्राइव्ह 'हेड गेलं' (हेड म्हणजे चकतीवर वाचणारा आणि लिहिणारा भाग) म्हणून भंगारात जातात आणि जिची दुसरी प्रत कुठेच नाही अशी फ्लॉपी मूळ मशीनला कायमची वाचता येईनाशी होते. दोन्ही नुकसानं टाळता येण्यासारखी आहेत, म्हणून इतकं सविस्तर लिहावंसं वाटतं.

गोंधळाचं मूळ साडेतीन इंची फ्लॉपीच्या सवयीत आहे. ती सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे थोडक्यात: ७२० केबी आणि १.४४ एमबी या दोन्हींत ८० ट्रॅक (चकतीवरच्या वर्तुळाकार पट्ट्या), इंचाला १३५ ट्रॅक, वेग मिनिटाला ३०० फेरे. फरक एवढाच की एका ट्रॅकवर ९ऐवजी १८ सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) बसतात. हेडची रुंदी तीच, म्हणून १.४४चा ड्राइव्ह ७२०ची फ्लॉपी बिनधास्त लिहितो आणि ती कुठेही वाचली जाते. हाच न्याय लोक सव्वापाच इंचीला लावतात आणि फसतात.

सव्वापाच इंचीत ३६० केबी म्हणजे दोन बाजू, ४० ट्रॅक, ९ सेक्टर, ५१२ बाइट: एकूण ३,६८,६४० बाइट. हा आयबीएम पीसी आणि १९८३च्या एक्सटीचा जमाना. १९८४मध्ये आयबीएमच्या पुढच्या पीसीसोबत, एटीसोबत, १.२ एमबी आली: ८० ट्रॅक, १५ सेक्टर, १२,२८,८०० बाइट. ३६०चा ड्राइव्ह मिनिटाला ३०० फेरे फिरतो, १.२चा ३६० फेरे. वेगातल्या या फरकावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण तो एटीचा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारं कार्ड) आपणच सांभाळतो. जुनी फ्लॉपी जास्त वेगाने फिरली की तो सेकंदाला २५० किलोबिटऐवजी ३०० किलोबिट वेगाने वाचतो आणि हिशेब जुळतो. लक्षात ठेवण्यासारखी अडचण एकच: एक्सटीच्या मूळ कंट्रोलरला २५०शिवाय दुसरा वेग माहीत नाही. त्याला १.२चा ड्राइव्ह नुसता जोडला तर काहीच वाचणार नाही. काही मॉडेलांत ड्राइव्ह ३०० फेऱ्यांवर आणण्याचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, तो असला तरच प्रयत्न करा.

आता मुख्य मुद्दा: ट्रॅकची रुंदी. दोन्ही ड्राइव्ह चकतीच्या जवळपास त्याच पट्ट्यात ट्रॅक ओढतात, पण एक इंचाला ४८ आणि दुसरा ९६. म्हणून ३६०च्या ड्राइव्हचा ट्रॅक साधारण ०.३३ मिलिमीटर रुंद असतो आणि १.२चा साधारण ०.१६. ३६०ची फ्लॉपी हाताळताना १.२चा ड्राइव्ह एकाऐवजी दोन पावलं सरकतो, त्यामुळे त्याचं अरुंद हेड रुंद ट्रॅकच्या बरोबर मधोमध येतं. वाचायला हे उत्तम. सिग्नल थोडा कमी मिळतो, पण जे मिळतं ते स्वच्छ.

लिहिताना मात्र भिंतीवरच्या रुंद ब्रशच्या पट्ट्यावर अरुंद ब्रश फिरवल्यासारखं होतं. मधला भाग नव्या रंगाचा, दोन्ही कडांना जुना रंग तसाच. चकतीवर या कडा प्रत्येकी ०.०८ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि त्यांत पूर्वीचा डेटा शाबूत असतो. आता तीच फ्लॉपी ३६०च्या ड्राइव्हमध्ये घाला. त्याचं रुंद हेड मधला नवा डेटा आणि कडांचा जुना डेटा एकदम उचलतं. दोघांचा एकमेकांशी मेळ नसतो, सेक्टरचा चेकसम (डेटा बरोबर आहे का ते तपासायचा आकडा) जुळत नाही, आणि डॉस 'ॲबॉर्ट, रिट्राय, फेल' म्हणत बसतं.

फसवणूक पुढे आहे. १.२च्या ड्राइव्हला कडा दिसतच नाहीत. आपण लिहिलेलं तो बिनचूक वाचतो, कॉपी केल्यावर पडताळणी पास होते, चेकडिस्क काही तक्रार करत नाही. मग निष्कर्ष निघतो की फ्लॉपी चांगली आहे, म्हणजे एक्सटीचा ड्राइव्हच बिघडला. लोक हेड पुसतात, वेग जुळवतात, स्क्रू फिरवून अलाइनमेंट (हेडची ट्रॅकवरची जागा) 'सुधारतात' आणि चांगल्या ड्राइव्हची खरोखर वाट लावतात. एक्सटीचा ड्राइव्ह स्वतः फॉरमॅट केलेली फ्लॉपी नीट वाचत असेल, तर अलाइनमेंटच्या स्क्रूला हात लावण्याआधी शंभरदा विचार करा.

"मग १.२मध्येच फॉरमॅट करून घेऊ, सगळं पुसलं जाईल" हा पुढचा गैरसमज, आणि सगळ्यात चिवट. फॉरमॅट हेसुद्धा लिहिणंच आहे आणि ते त्याच अरुंद हेडने होतं. डॉसच्या फॉरमॅट कमांडला स्लॅश ४ जोडलं, किंवा डॉस ४पासून चालणारं स्लॅश एफ कोलन ३६० जोडलं, की १.२चा ड्राइव्ह ४० ट्रॅक आणि ९ सेक्टरांची मांडणी करतो. मांडणी ३६०ची होते, रुंदी १.२चीच राहते. कडांचा जुना डेटा फॉरमॅटनंतरही तिथेच असतो. हे कितीही वेळा केलं तरी फरक पडत नाही.

एकच छोटी फाइल लिहिली तर एवढं काय बिघडणार, असंही विचारलं जातं. ३६०च्या फ्लॉपीवर पहिले १२ सेक्टर असे असतात: एक बूट सेक्टर (फ्लॉपीची मांडणी सांगणारा), दोन फॅट (कोणती फाइल कुठे आहे याचे तक्ते) प्रत्येकी २ सेक्टरांचे, आणि ७ सेक्टरांची मूळ डिरेक्टरी, म्हणजे ११२ नोंदी. हे सगळं शून्य क्रमांकाच्या ट्रॅकवर, एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला ३. कोणतीही फाइल लिहा, खोडा किंवा तिचं नाव बदला, फॅट नाहीतर डिरेक्टरीवर लिहावं लागतंच. तेवढे सेक्टर अरुंद झाले की बाकीच्या ३९ ट्रॅकवरचा डेटा तसाच असूनही ३६०च्या ड्राइव्हला फ्लॉपीवर काय आहे तेच कळत नाही.

आणि विंडोज ९५ किंवा ९८ असलेल्या मशीनमध्ये तर तुम्ही काहीही लिहायची गरज नाही. फ्लॉपी नुसती उघडली तरी ही विंडोज बूट सेक्टरमधल्या ओईएम नावाच्या आठ बाइटांच्या जागी स्वतःची ओळखखूण लिहून ठेवते. अशा मशीनला १.२चा ड्राइव्ह असेल, तर डिरेक्टरी बघण्याच्या नादात बूट सेक्टर गेला म्हणून समजा.

त्यामुळे पहिलं काम: लेखनबंदीची पट्टी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला चौकोनी खाच असते, ती झाकली की लिहिणं बंद. साडेतीन इंचीत उलट आहे, तिथे भोक उघडं असलं की लिहिणं बंद. खाच अपारदर्शक पट्टीनेच झाका. पारदर्शक सेलोटेप लावू नका, कारण बऱ्याच ड्राइव्हमध्ये खाच प्रकाशाच्या सेन्सरने तपासली जाते आणि त्याला सेलोटेप दिसत नाही.

३६०च्या मशीनसाठी फ्लॉपी लिहायची तर ३६०च्या ड्राइव्हमध्येच लिहा. आमचं मत यावर ठाम आहे. एटीला बी ड्राइव्ह म्हणून ३६०चा लावा, सेटअपमध्ये त्याचा प्रकार ३६० असाच नोंदवा. पीसीच्या पिळाच्या केबलवर (जिच्या काही तारा मध्येच पिळलेल्या असतात) दोन्ही ड्राइव्हचा सिलेक्ट जंपर दुसऱ्या जागी ठेवायचा असतो (क्रमांक शून्यापासून सुरू होत असतील तर १वर). पिळानंतरचा ड्राइव्ह ए, आधीचा बी. जुन्या ड्राइव्हवर टर्मिनेटर रेझिस्टरचा सुटा पॅक असतो, तो फक्त केबलच्या टोकाच्या ड्राइव्हवर राहू द्या. अरुंद ट्रॅकांनी बिघडलेली फ्लॉपी ३६०च्या ड्राइव्हमध्ये पुन्हा फॉरमॅट केली की पूर्ववत होते, कारण रुंद हेड कडांसकट सगळं नव्याने लिहितं. तीवरच्या फाइल मात्र त्याआधी १.२मध्ये वाचून घ्या.

३६०चा ड्राइव्ह मिळतच नसेल तर एक वाट आहे: पूर्ण कोरी फ्लॉपी. कधीच न वापरलेली, किंवा टेप पुसायच्या एसी डीगॉसरने पुसलेली. कडांना काही नसेल तर अरुंद ट्रॅकही रुंद हेडला बहुधा नीट वाचता येतो. डीगॉसर चालू ठेवून फ्लॉपी त्यावर गोल फिरवा, सावकाश हातभर लांब न्या आणि मगच बटण बंद करा. जवळ असताना बंद केला तर त्या क्षणाचं चुंबकत्व चकतीत राहून जातं. साधा कायमचा चुंबक घासू नका, तो पुसत नाही, चकती एकाच दिशेने चुंबकित करून ठेवतो. १.२मध्ये लिहिलेली ही कोरी फ्लॉपी पुढे एकदा जरी ३६०मध्ये लिहिली गेली, तरी परत १.२मध्ये लिहायची नाही.

दुसरा फरक चकतीवरच्या लेपाचा. ३६०ची डबल डेन्सिटी चकती सुमारे ३०० ओर्स्टेडच्या क्षेत्राने चुंबकित होते, १.२ची हाय डेन्सिटी सुमारे ६००ने. हाय डेन्सिटीची फ्लॉपी ३६०ची म्हणून फॉरमॅट केली तर लिहिण्याचा करंट तिला अपुरा पडतो. कधी फॉरमॅट होतच नाही. कधी होतो, फाइल जातात, आणि काही काळाने वाचायला गेलं की जागोजागी चुका निघतात. उलट, डबल डेन्सिटीची फ्लॉपी १.२ची म्हणून फॉरमॅट केली की 'ट्रॅक झिरो बॅड' तरी येतं किंवा खराब सेक्टरांची रांग लागते. साडेतीन इंचीत दोन लेप सुमारे ६०० आणि ७०० ओर्स्टेडचे, इतके जवळ की ७२०ला भोक पाडून १.४४ करण्याचा उद्योग बऱ्याचदा खपून गेला. इथे ती सवलत नाही.

ओळख: मधल्या भोकाला जाड कडी चिकटवलेली असेल तर बहुधा डबल डेन्सिटी, नसेल तर बहुधा हाय डेन्सिटी. हाय डेन्सिटीची चकती जास्त काळी दिसते, डबलची तपकिरी. शंका असेल तर दोन्ही शेजारी धरून बघा. लेबलवर '९६ टीपीआय' (इंचाला ९६ ट्रॅक) एवढंच असलं तर लगेच हाय डेन्सिटी समजू नका. डबल डेन्सिटी लेपाच्या ८० ट्रॅकच्या फ्लॉप्याही निघत होत्या.

ड्राइव्ह दर्शनी पट्टीवरून ओळखू नका, मागचं लेबल वाचा. टॅन्डन टीएम १००-२ हा पूर्ण उंचीचा ३६०चा. टिअ‍ॅकच्या एफडी-५५ मालिकेत पुढचं अक्षर सगळं सांगतं: बी असेल तर ३६०, जी असेल तर १.२, आणि एफ म्हणजे ८० ट्रॅकचा डबल डेन्सिटी, जो लोक ३६०चा समजून विकत घेतात. पॅनासॉनिकचा जेयू-४५५ हा ३६०चा, जेयू-४७५ हा १.२चा. आयबीएमने एटीमधल्या ३६०च्या ड्राइव्हच्या दर्शनी पट्टीवर तारांकन उमटवलं होतं, ते याच घोटाळ्यासाठी.

जुन्या फ्लॉपीवरचा मजकूर वाचवायचा असेल तर १.२चा ड्राइव्ह फार कामाचा आहे, आणि इथे त्याची बाजू घ्यायलाच हवी. अरुंद ट्रॅकने 'बिघडलेली' फ्लॉपीसुद्धा तो वाचतो. ग्रीझवीझलसारखं यूएसबी बोर्ड, ३४ पिनांचा एज कनेक्टर असलेली केबल आणि १२ व ५ व्होल्ट देणारा मोलेक्स वीजजोड, एवढ्यावर आजच्या लॅपटॉपने इमेज (फ्लॉपीची हुबेहूब प्रत) घेता येते. ३६०ची फ्लॉपी १.२मध्ये वाचताना पावलांची संख्या २ द्यायला विसरू नका, नाहीतर शून्य सोडून बाकीचे ट्रॅक चुकीच्या जागी वाचले जातील.

मुंबईत किंवा कोकणात कपाटात राहिलेली फ्लॉपी थेट ड्राइव्हमध्ये घालू नका. लांबट खिडकीतून चकती हाताने फिरवत उजेडात बघा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी. ती हेडवर चिकटते, आणि मग हेड पुढच्या प्रत्येक फ्लॉपीला ओरखडे काढतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा बोळा घ्या, खिडकीतून दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळू द्या. कव्हरच्या आतलं अस्तर बुरसटलं असेल तर वरची कड कापून चकती काढा आणि एखाद्या निकामी फ्लॉपीच्या स्वच्छ कव्हरमध्ये ठेवून वाचा. अशा प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसायचंच.

इमेज नीट आली तरी त्यातला मराठी मजकूर कचऱ्यासारखा दिसू शकतो. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (पीसीवर भारतीय लिप्या आणणारं कार्ड) टाइप केलेला मजकूर इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असतो: इंग्रजी अक्षरं नेहमीच्या जागी, देवनागरी वरच्या १२८ जागांत. फाइलमधलं इंग्रजी आणि आकडे सरळ वाचता येत असतील आणि मराठीच्या जागी चौकटी किंवा टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसत असतील, तर ड्राइव्ह आणि फ्लॉपी दोघांनी आपलं काम चोख केलं आहे. फाइल इस्कीतून युनिकोडमध्ये बदलून घ्या, फ्लॉपी पुन्हा पुन्हा फिरवू नका.