शेव खवट का होते?

इंदूरच्या मराठी घरातही पोहे शेवेशिवाय होत नाहीत, म्हणून शेवेचा डबा ओट्यावर कायमचाच. पंधरा दिवसांनी तळाची शेव काढावी, तर रंग तोच आणि कुरकुरीतपणाही शाबूत, पण झाकण उघडताच जुन्या ऑइल पेंटसारखा वास येतो आणि घास गिळल्यावर घसा धरतो.

तेला-तुपाला दोन गोष्टी नासवतात. एक पाणी. लोण्यात ताक राहिलं की त्यातली आम्लं सुटी होतात आणि आंबूस वास येतो. दुसरा प्राणवायू. तेल-तूप ज्यांचं बनतं त्या स्निग्धाम्लांत (फॅटी ॲसिडांत) कार्बनचे काही अणू दुहेरी बंधांनी जोडलेले असतात; तिथे तो शिरतो, पेरॉक्साइडं नावाची अस्थिर संयुगं तयार होतात आणि त्यांचे तुकडे पडून तो खवट वास सुटतो. ही साखळी एकदा सुरू झाली की आपोआप वेग घेते. उजेड, ऊब आणि तांब्याचा अंश तिला आणखी पळवतात.

पाण्यावरचा उपाय घरोघरी होताच. लोणी कढवताना बेरी लालसर होईपर्यंत थांबायचं, म्हणजे पाणी पुरतं उडतं. आमच्याकडे शेवटी विड्याचं पान टाकत. पानातली फेनॉलं नावाची संयुगं प्राणवायूला अडवतात. पितळी भांड्याला कल्हई करण्यातही शहाणपण होतं, त्यामुळे तांबं तुपाला लागत नसे. तूप जायचं चिनी मातीच्या बरणीत.

कारखान्यांनी वेगळा रस्ता धरला. 1902 मध्ये जर्मनीत विल्हेल्म नॉर्मन यांनी तेलात हायड्रोजन मिसळण्याचं पेटंट घेतलं. दुहेरी बंध कमी झाले, तेल घट्ट आणि टिकाऊ झालं. 1937 मध्ये असंच घट्ट केलेलं वनस्पती तूप, डालडा, आपल्याकडे आलं. टिकाऊपणाची किंमत होती ट्रान्स फॅट, म्हणजे या प्रक्रियेत तयार होणारी, हृदयाला घातक चरबी. तेला-तुपात ते 2 टक्क्यांपेक्षा जास्त नको, हा नियम यायला 2022 उजाडलं.

इंदूरच्या आसपासच्या मालव्यात आणखी एक बदल झाला, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. 1970 नंतर खरिपात पडीक राहणाऱ्या काळ्या जमिनीवर सोयाबीन आलं. 1987 मध्ये त्याचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदुरातच उभं राहिलं. सोयाबीन तेलात तीन दुहेरी बंधांचं लिनोलेनिक आम्ल 7 टक्क्यांच्या आसपास असतं, शेंगदाणा तेलात जवळजवळ नसतंच; आणि दुहेरी बंध जास्त, तितकं तेल लवकर खवटतं. तिळाच्या तेलाला तर सेसमॉल या प्राणवायूला अडवणाऱ्या संयुगाची राखण असते. म्हणून तळणीचं तेल बदललं की फराळाचे दिवसही बदलतात.

शेव लहान डब्यांत, गळ्यापर्यंत भरून, गॅसपासून लांब ठेवावी. आणि नवी शेव जुन्या डब्यात तशीच ओतू नये. डब्याच्या कडेला चिकटलेलं खवट तेल नव्या शेवेलाही लवकर नासवतं. आधी साबणाने घासून डबा उन्हात कोरडा करावा.