फर्मान (निजामकालीन)

हैदराबाद संस्थानच्या निजामाने राज्यकर्ता या नात्याने दिलेला लेखी हुकूम. ‘फर्मान सोडले’ असे आज आपण अरेरावीच्या हुकमाला म्हणतो, पण १९४८ पर्यंत मराठवाड्यात फर्मान हा कायदाच होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली अमीरुन्निसा बेगम खटल्यात हेच मान्य केले: निजामाचे फर्मान इतर कायद्याइतकेच बंधनकारक असे आणि निजाम ते पुढच्या फर्मानाने केव्हाही बदलू किंवा रद्द करू शके. म्हणून एखादे फर्मान हाती लागले की आधी त्याच विषयावरचे नंतरचे फर्मान शोधावे. जुन्याच कागदावर दावा उभा केला तर तो तिथेच कोसळतो.

खात्याने प्रकरण अर्जदाश्तीच्या (लेखी विनंतीपत्राच्या) रूपात निजामापुढे ठेवायचे, अशी रीत होती. १९१९ मध्ये कार्यकारी मंडळ (बाब-ए-हुकूमत) स्थापन झाल्यावर मंडळाचे मतही सोबत जाई. निजामाचा हुकूम झाला की खाते तो खाली कळवी. सर्वांना लागू होणारी फर्माने ‘जरीदा’ या राजपत्रात छापली जात. खात्याने काढलेले परिपत्रक किंवा सुभेदाराचा हुकूम म्हणजे फर्मान नव्हे. उर्दूतला शिक्क्याचा प्रत्येक कागद फर्मान समजण्याची चूक आजही सर्रास होते.

सर्वात जास्त घोळ तारखांचा होतो. महसुली कागदांवर फसली (महसुलासाठी वापरली जाणारी कालगणना) सन असतो, फर्मानांवर पुष्कळदा हिजरी. हैदराबादी फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. इसवी सन काढताना त्या वेळेपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला फसली सनात ५९० मिळवावेत, जानेवारीपासून पुढे ५९१. जहागिरी नष्ट करणारा विनियम १३५८ फसलीचा आहे, म्हणजे ऑगस्ट १९४९ चा. तोच आकडा हिजरी धरला तर १९३९-४० निघते आणि दहा वर्षांची चूक होते. महिन्याचे नाव पाहिले की बहुधा उलगडा होतो: आजूर, दै, बहमन, खुर्दाद हे फसली, मोहरम, सफर, रजब हे हिजरी.

भारत सरकारच्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही फर्माने निघत राहिली, पण सत्ता लष्करी राज्यपालाकडे होती. २३ नोव्हेंबर १९४९ च्या फर्मानाने निजामाने भारताची राज्यघटना हैदराबादला लागू राहील असे जाहीर केले.

मराठवाड्यात फर्मानाची गाठ आता मुख्यतः इनाम जमिनीच्या वादात पडते. अशा वेळी एकटे फर्मान पुरत नाही. त्यासोबत मुंतखब (अतियात, म्हणजे इनामांच्या, चौकशीनंतर मिळालेला इनामाचा दाखला), शेतवार (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंदवही) आणि १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक (कब्जा-पिकाची नोंद) लावून गाव, सर्व्हे नंबर व क्षेत्र जुळवावे. क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिलेले असते. ४० गुंठे म्हणजे एक एकर. मुंतखबात इनामाचा प्रकार नीट वाचावा. ‘मदद माश’ म्हणजे निर्वाहासाठी दिलेली जमीन. ‘खिदमत माश’ मात्र दर्गा, मशीद किंवा देवळाच्या सेवेला बांधलेली असते. खिदमत माशच्या मुंतखबात आजोबांचे नाव आहे एवढ्यावर नातवंडे ती खासगी मालमत्ता समजून विकतात आणि घेणारा वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. उर्दू जाणणाऱ्याकडून इनामाच्या प्रकाराचा शब्द खरेदीआधीच वाचून घ्यावा.