खोबळ्याचं माप: ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

दांडपट्ट्याची, म्हणजे हात झाकणाऱ्या मुठीच्या लांब, लवत्या पात्याच्या तलवारीची, चौकशी करणाऱ्यांचा पहिला निरोप बहुधा एकाच साच्याचा असतो. टेबलावर पसरलेल्या पंजाचा फोटो, शेजारी टेप आणि खाली दोन शब्द: 'साइज लार्ज'. त्यावरून खोबळा, म्हणजे पट्ट्यात हात आत घालायचं पत्र्याचं आवरण, होत नाही. मग आम्ही माप परत मागवतो, तेही बहुतेक वेळा तसंच येतं, आणि यात दोन आठवडे जातात. पत्रा कापल्यावर चूक कळली तर नुकसान दोघांचं. म्हणून हे पत्रक. पट्टा कसा धरतात हे तुम्हाला ठाऊक आहे असं आम्ही धरतो. आखाड्यात जाणाऱ्याला ते सांगायची गरज नसते.

उघड्या पंजाचं माप का चालत नाही

पट्ट्यात पंजा कधीच उघडा नसतो. खोबळ्याच्या आत आडवी दांडी असते, तिच्यावर मूठ आवळलेली, मनगट सरळ आणि कोपर सतत वाकत-उलगडत. हात पसरला की पंजा रुंद आणि पातळ दिसतो. मूठ आवळली की तोच हात दुप्पट जाड होतो, अंगठा बोटांवर येऊन बसतो आणि कोपराखालचा स्नायू फुगतो. घेर एक-दीड सेंटिमीटरने सहज वाढतो, व्यायामाचा हात असेल तर जास्तच. खोबळा या आवळलेल्या हातासाठी असतो. पसरलेल्या पंजाच्या मापाचा खोबळा घातला तर बोटांच्या गाठी आतून पत्र्याला घासतात, आणि वार थांबवताना दर वेळी तिथंच ठोसा बसतो.

माप घ्यायला घरातलं फुलक्यांचं बारीक लाटणं घ्या. मधे फुगीर असलेलं नको, सरळ हवं. जाडी २५ ते २८ मिलिमीटर. मापाची टेप शिंप्याकडची, मऊ. लोखंडी टेप गोलाईवर बसत नाही. आणि मदतीला दुसरा माणूस हवाच. एका हाताने स्वतःचं माप घेणाऱ्याची मूठ हमखास सैल पडते.

लाटणं मुठीत घट्ट धरा. मनगट सरळ. आता मुठीची रुंदी मोजायची: करंगळीच्या बाहेरच्या कडेपासून अंगठ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत. मग जाडी: पंजाच्या पाठीपासून दुमडलेल्या बोटांच्या पुढच्या भागापर्यंत. ही दोन मापं टेपने नीट येत नाहीत. मूठ दोन जाड पुस्तकांमध्ये धरा, पुस्तकं दोन्हीकडून टेकवा आणि मधलं अंतर पट्टीने मोजा. त्यानंतर कोपर पूर्ण वाकवा आणि लाटण्याच्या मध्यापासून कोपराच्या आतल्या वळीपर्यंतचं अंतर घ्या. सगळ्यात जास्त चुकतं ते हेच. लोक मधल्या बोटाच्या टोकापासून मोजतात आणि हात सरळ ठेवतात. शेवटी मूठ आवळलेलीच ठेवून मनगटाचा घेर आणि कोपराखाली हात सर्वांत जाड असतो तिथला घेर घ्या.

याशिवाय चौकटीच्या वहीवर मूठ टेकवून तिची कड पेन्सिलीने काढा. पेन्सिल उभी धरा. तिरकी धरली तर रेघ दोन्ही बाजूंना तीन-चार मिलिमीटर बाहेर जाते, आणि खोबळ्यात तीन-चार मिलिमीटर म्हणजे बराच फरक. कागदावर उजवा की डावा हे लिहायला विसरू नका. उजव्या हाताचा खोबळा डाव्यात बसत नाही, कारण अंगठ्याची बाजू जास्त खोल असते.

'थोडा मोकळाच करा'

तयार कपड्यांची सवय आहे, म्हणून बरेच जण स्वतःच एक सेंटिमीटर वाढवून माप पाठवतात. कृपया वाढवू नका. आत गादी येते: कापसाची, वर मखमल, शिवून साधारण ६ मिलिमीटर जाडीची. तिची जागा आम्ही पत्रा आखतानाच सोडतो. तुम्ही सोडता, वर आम्ही सोडतो, आणि हात आत डुलायला लागतो.

मोकळ्या खोबळ्यातून हात निसटत नाही, दांडी धरलेली असते. पण खोबळा हाताभोवती फिरतो. आडवी दांडी आणि पात्याची रुंदी एकाच पातळीत असते, म्हणून मूठ ज्या रेषेत जाते त्याच रेषेत धारेची बाजू जायला हवी. खोबळा थोडा जरी कलला तरी पातं आडवं पडतं. हे कानाला आधी कळतं. नीट बसलेला पट्टा फिरवताना एकसारखा बारीक आवाज येतो. कललेलं पातं फडफडतं, कारण ते लवतं आहे आणि हवा त्याच्या पाठीवर आदळते. मग वस्ताद शिष्याला रागावतात, शिष्य मनगट वळवून सावरायला बघतो. खोबळ्यात मनगट वळत नाही. पट्टा खांद्याने आणि कमरेने चालतो. हिसका जातो कोपरात.

'मग गादी जाड करा ना,' असं हमखास सुचवलं जातं. जाड गादी पहिल्या दिवशी छान वाटते. महिनाभर घाम पिऊन आणि दाब खाऊन ती बसते, तीही सगळीकडे सारखी बसत नाही. मुठीच्या बाजूला चपटी, पाठीकडे फुगीर. दांडीवर जास्तीची गादी गुंडाळली तर बोटं पूर्ण मिटत नाहीत आणि पकड निम्मी होते. पत्र्याचं माप चुकलं तर ते गादीने भरून निघत नाही.

तयार खोबळा का बदलता येत नाही

आमचा खोबळा दोन भागांत घडतो. हातावरची नळी १.२ मिलिमीटरच्या, म्हणजे १८ गेजच्या पत्र्याची. मुठीवरची वाटी त्याच पत्र्यातून वेगळी ठोकून काढलेली. वाटीसाठी लाकडी ठोकळ्यातल्या खळग्यावर पत्रा ठेवून गोल तोंडाच्या हातोड्याने कडेकडून मध्याकडे आणतात. ठोकला की पत्रा ताठरतो, म्हणून चार-पाच वेळा भट्टीत लाल करून राखेत हळू निववावा लागतो. ही पायरी घाईने गाळली की कडेला चीर जाते. ती चीर बहुतेक वेळा कातरीच्या खरबरीत कडेपासूनच सुरू होते, म्हणून ठोकण्याआधी कड कानशीने साफ करतो. नंतर मठारणी: लहान, गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने शेजारी-शेजारी ठोके. बाहेरून आम्ही ते घासून काढतो, आतून ठेवतो. आतल्या बाजूचे ठोके बघून 'फिनिशिंग राहिलंय' असं कळवणारे ग्राहक आहेत. राहिलेलं नाही. ते घासायचे तर पत्रा तेवढाच पातळ होईल, आणि वर गादी येणारच आहे.

वाटी आणि नळी मनगटाशी साधारण बोटभर एकमेकींवर चढतात. टाकणखार (बोरॅक्स) लावून पितळेची डाक, म्हणजे वितळलेल्या पितळेचा जोड, शिवाय रिव्हेट. आडव्या दांडीची दोन्ही टोकं वाटीच्या भिंतींतून बाहेर काढून ठोकून बसवलेली असतात. तुमच्या मुठीची जाडी ५ मिलिमीटरने चुकली की दांडीची भोकं सरकवावी लागतात. जुनी भोकं बुजवली तरी दिसतात, आणि जिथं सगळा जोर येतो तिथंच पत्रा कमकुवत होतो. त्यामुळे आम्ही ठिगळ लावत नाही, वाटी नवीन करतो. यात चार ते पाच दिवस जातात आणि त्याचा खर्च ज्याच्या मापात चूक त्याच्याकडे. आमच्या आखणीत चूक असेल तर आमच्याकडे. तुमचा मापाचा कागद आम्ही जपून ठेवतो, त्यामुळे यावर वाद होत नाही.

मागची कड कोपराच्या वळीपासून तीन बोटं अलीकडे थांबते. 'जुन्या पट्ट्यांत पार कोपरापर्यंत असतो' हे बरोबर आहे, पण कोपर वाकल्यावर कड दंडात रुतते का, हे हातागणिक ठरतं. लांबी एक बोट वाढवून हवी असेल तर करून देतो, आधी पुठ्ठ्यावर बघून.

त्यासाठीच पत्रा कापण्याआधी आम्ही पुठ्ठ्याचा खोबळा टपालाने पाठवतो. त्याचे पैसे घेत नाही. तो घालून, लाटणं धरून, पाच मिनिटं नेहमीचे पवित्रे करा. जिथं टोचेल तिथं पेनाने खूण करा आणि परत पाठवा. यात आठ दिवस जास्त जातात म्हणून काही जण 'पुठ्ठा नको, थेट करा' म्हणतात. वाटी नव्याने करावी लागली ती मुख्यतः यांच्याच कामात.

ऐतिहासिक म्हणजे किती?

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला, तेव्हापासून 'अगदी शिवकालीन हवा' ही मागणी वाढली आहे. आमचा नमुना सतराव्या-अठराव्या शतकांतल्या पट्ट्यांवर बेतलेला आहे. असे पट्टे आपल्याकडे आहेत, तसे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयातही आहेत. जिवा महालांचा किंवा बाजीप्रभूंचा पट्टा अशा नावाने आम्ही काहीही विकत नाही.

जुन्या वस्तूचं माप जसंच्या तसं उतरवा, असाही आग्रह होतो. जुन्या भारतीय तलवारींच्या मुठी आजच्या पुष्कळ हातांना आखूड पडतात, पट्ट्याच्या आतली जागाही तशीच. कपाटात ठेवायचा असेल तर जुन्या मापाने करू. फिरवायचा असेल तर घडण आणि प्रमाण जुनं, माप तुमच्या हाताचं. जुना कारागीरही समोरच्याचाच हात बघून घडवत असणार, असं आमचं मत.

१६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटरचा पत्रा 'मजबूत' म्हणून मागितला जातो. त्याने पाव किलोच्या आसपास वजन वाढतं, तेही हातावर. आमचा खोबळा आठशे ग्रॅमच्या आत-बाहेर आणि पात्यासकट पट्टा सव्वा ते दीड किलो भरतो. अर्धा तास सराव केला की पाव किलो म्हणजे काय ते खांदा सांगतो. स्टेनलेसचा आग्रह करू नका. तो चकचकीत राहतो हे खरं, पण हातोड्याखाली लवकर ताठरतो आणि डाकही मनासारखी धरत नाही.

पातं वेल्डिंगने जोडून स्वस्तात देणारे आहेत. खोबळ्याच्या तोंडाशी पात्याच्या दोन्ही बाजूंनी दोन लांबट पट्ट्या पुढे येतात, त्यांत पातं धरून आरपार रिव्हेट हीच जुनी रीत, आणि तिला कारण आहे. पातं स्प्रिंग पोलादाचं, पाणी देऊन (म्हणजे तापवून, बुडवून कडक करून) मग थोडं नरम केलेलं. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडापाशी ते पाणी उतरतं किंवा तिथं काचेसारखं ठिसूळ होतं. पातं लवतं तेव्हा सगळा ताण त्याच जागी येतो. तुटलं तर टोकाकडे तुटत नाही, मुठीपासून तुटतं आणि अख्खं पातं बघ्यांत जातं. आम्ही भोकं पाणी देण्याआधीच पाडतो.

धार लावून मिळत नाही. कड १ मिलिमीटर गोल आणि टोक बोथट. पट्ट्याने लिंबू कापून दाखवणाऱ्या आखाड्यांना हे पटत नाही, पण शस्त्र अधिनियम, १९५९ आहे. धारेचं आणि परवान्याचं आधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारा. चांदीच्या तारेची कोफ्तगिरी, म्हणजे पोलादावर तार ठोकून बसवलेली नक्षी, हवी असेल तर काम उदयपूरला जातं, दोन महिने धरा. सोनेरी रंग मारून आम्ही देत नाही.

आखाड्यासाठी एकच पट्टा दहा जणांनी वापरायचा असेल तर मुलांचं आणि मोठ्यांचं अशी दोन मापं करून घ्या. एकाच मोठ्या खोबळ्यात बारा वर्षांच्या मुलाचा हात घातला की वर लिहिलेली फडफड आलीच.

घरी आल्यावर

खोबळा बाहेरून गंजत नाही, आतून गंजतो. घाम गादीत मुरतो आणि पत्र्याला लागून राहतो. आमची गादी काढता येते. सराव झाला की ती काढून सावलीत वाळवा, पत्रा कोरड्या फडक्याने पुसा, आठवड्याला शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. खोबरेल नको, चिकट होऊन धूळ धरतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कोकणात काय, पुण्यातही पावसाळ्यात ठेवू नका.

आणि खंडेनवमी. हळद-कुंकू, ओली फुलं आणि पाण्याचा शिंतोडा रात्रभर पात्यावर राहिला की सकाळी तपकिरी ठिपके उठतात. त्या ठिपक्यांचे फोटो आम्हाला दर दसऱ्याला येतात. पूजेआधी तेलाचा हात द्या, कुंकू खोबळ्याच्या पाठीवर लावा, रिव्हेटच्या सांध्यांत जाऊ देऊ नका, आणि आरती झाली की संध्याकाळीच पुसून घ्या. ठिपके आलेच तर बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने घासा. लिंबू-चिंच लावू नका, ते तांब्या-पितळेला.

माप पक्कं झाल्यापासून, पुठ्ठ्याचे आठ दिवस धरून, पाच आठवडे लागतात. दसऱ्याला हवा असेल तर माप आषाढअखेर, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीसाठी दिवाळीच्या सुमारास. भाद्रपदात आलेल्या मापाचा पट्टा दसऱ्याला देऊ असं आम्ही म्हणणार नाही. त्या दिवसांत जुन्याचीच गादी बदलून घ्या. कुणीही बनवलेला खोबळा असो, चार दिवसांत करून देतो.