शोकेसमधली बाहुली घडवली कोणी?

परळ-लालबागला गणपती पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला: मूर्ती कोणाची? ‘खातूंची’, ‘कांबळींची’ एवढं उत्तर पुरतं. शोकेसमधल्या चिनीमातीच्या बाहुलीबद्दल मात्र असं कोणी विचारत नाही. तिच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का असतो, फार तर देशाचं नाव. यात गिऱ्हाइकाचा दोष थोडा आणि धंद्याच्या घडणीचा जास्त आहे.

युरोपातली पहिली अस्सल पोर्सेलीन, म्हणजे उंची चिनीमाती, जर्मनीतल्या माइसेनला बनू लागली. तिथला कारखाना १७१० चा. तेव्हा दरबारी मेजवान्यांत टेबलावर साखरेच्या आणि मेणाच्या बाहुल्या मांडत. त्यांची जागा पोर्सेलीनने घेतली, ती मुख्यतः शिल्पकार योहान योआखिम केंडलरमुळे. १७३१ मध्ये तो माइसेनला आला आणि विदूषक, प्रेमी युगुलं, फेरीवाले, वाद्यं वाजवणारी माकडं असं अख्खं जगच त्याने वीतभर उंचीत आणलं. पण मूळ नमुना त्याचा असला तरी विकली जाणारी बाहुली एका हातची नसे. नमुन्याचे तुकडे करून प्रत्येकाचा साचा घ्यायचा, साच्यांतून निघालेले हात, पाय, डोकं ओल्या मातीने सांधायचे, मग भट्टी, मग रंगारी. भट्टीत माल आकसतो, तेही आधीच हिशेबात धरावं लागतं. इतक्या हातांतून गेलेल्या वस्तूवर सही कोणाची करणार? माइसेनने आपला दोन तलवारींचा शिक्का उमटवला आणि प्रश्न मिटवला.

पुढे कलावंताचं नाव अधूनमधून डोकावलं. इंग्लंडच्या रॉयल डॉल्टनच्या बाहुल्यांच्या क्रमांकाआधी ‘एचएन’ असतं. ती आद्याक्षरं हॅरी निक्सनची, आणि हा शिल्पकार नव्हे, रंगकाम खात्याचा प्रमुख! जर्मनीत गोबेल कंपनीने १९३५ पासून मारिया इनोसेंशिया हुमेल या जोगिणीच्या चित्रांवरून लहान मुलांच्या रूपातल्या बाहुल्या काढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी त्या घरी नेल्या आणि संग्राहकांचा मोठा बाजार उभा राहिला. बाहुलीवर नाव हुमेलचं. मातीत ती उभी करणारे आर्थर म्योलर आणि राइनहोल्ड उंगर फक्त जाणकारांना ठाऊक.

मुंबईची गोष्ट फार वेगळी नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांना खुलं झालं. तिथली वेगवेगळ्या जातीजमातींची आणि व्यवसायांची मातीची छोटी माणसं आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य सेसिल बर्न्स हेच या संग्रहालयाचे क्युरेटर होते. साहेबाचं नाव सहज सापडतं, पगड्यांचे पीळ वळणाऱ्यांची नावं सहसा पुढे येत नाहीत. त्याच जे. जे.मध्ये विद्यार्थी असताना गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ ही स्त्रीमूर्ती घडवली आणि त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं. ती पुरुषभर उंचीची होती. मला वाटतं, आपल्याकडे नाव बरंचसं उंचीवर मिळतं.

चोरबाजारात कधीमधी दिसणाऱ्या जुन्या चिनीमातीच्या लक्ष्मी-सरस्वतींत हा घोळ सगळ्यात गमतीचा होतो. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि त्याची देवचित्रं घरोघर गेली. त्या चित्रांवरून जर्मनीतल्या कारखान्यांनी हिंदुस्थानच्या बाजारासाठी देव बनवले. नऊवारी कधी न पाहिलेल्या कारागिराने निऱ्या घडवल्या, तरी त्या बऱ्याच जमल्या आहेत. अशा मूर्तीचं मोल सांगताना दुकानदार नाव घेतो ते रविवर्म्याचंच.