चालती गाडी बंद पडणे

चालकाने किल्ली न फिरवता चालत्या मोटारीचे इंजिन आपोआप थांबणे, याला मराठवाड्यात ‘गाडी बंद पडली’ म्हणतात. थांबण्याआधी आचके दिले तर ‘झटके घेते’ किंवा ‘मिसिंग करते’. हा स्वतंत्र बिघाड नसून अनेक बिघाडांचे लक्षण आहे. पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि नेमक्या क्षणी ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी लागत नाही, पण त्याला हवेचा बुडबुडा किंवा पाणी नसलेले डिझेल मोठ्या दाबाने मिळावे लागते. यांतले एखादे तुटले की इंजिन थांबते.

निदान बॉनेट उघडण्याआधीच सुरू होते. दिवा मालवल्यासारखी गाडी क्षणात बंद झाली, तर संशय विजेवर घ्यावा: क्रँक सेन्सर (इंजिनाचा क्रँक दांडा फिरतो आहे हे संगणकाला कळवणारा), रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच), इग्निशन स्विच, बॅटरीचे सैल टर्मिनल. चढावर जोर सोडत, खोकत थांबली तर इंधनावर. रस्त्यावर ठीक चालून गतिरोधकापाशी अ‍ॅक्सिलरेटर सोडताच विझत असेल, तर थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, साचलेला कार्बन, उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) किंवा कुठल्या तरी नळीतून आत शिरणारी जादा हवा हे कारण असते. एवढे न विचारता आधी प्लग, मग कॉइल, मग पंप असे सामान बदलत जाणाऱ्या गॅरेजमध्ये गाडीमालकाचा पैसा जातो आणि दोष तिथेच राहतो.

मराठवाड्यात या बिघाडाला उन्हाळ्याची जोड आहे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि ‘गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी सुरू होते’ ही तक्रार याच दिवसांत जास्त ऐकू येते. अ‍ॅम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी यांसारख्या कार्बुरेटरच्या गाड्यांत याचे कारण नळीतच पेट्रोलची वाफ होणे हे असे. इंजिनावर बसवलेला पंप पेट्रोल ओढतो, वाफ ओढू शकत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून झाडाखाली थांबत. तो उपाय त्या गाडीसाठी अगदी बरोबर होता. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे वाफेचा त्रास क्वचितच होतो. इथे पहिला संशयित क्रँक सेन्सर. तापल्यावर त्याच्या आतली बारीक तार सुटते, निवल्यावर पुन्हा जुळते. गाडी गिअरमध्ये पुढे सरकत असताना, म्हणजे इंजिन अजून फिरत असताना, आरपीएमचा काटा एकदम शून्यावर कोसळला, तर हा संशय बळावतो. बंद पडलेल्या जागीच, गरम असताना तपासले तरच दोष हाती लागतो. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत सेन्सर निवलेला असतो.

दुसरा संशयित पेट्रोलपंप. टाकीतला पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. रोज रिझर्व्हवर गाडी पळवणाऱ्यांचा पंप तापून अडकतो. सीएनजीवर चालणाऱ्या काही गाड्यांत पेट्रोलपंप तरीही फिरत राहतो आणि टाकीत मात्र नावापुरतेच पेट्रोल असते. असे पंप लवकर जातात. तपासणी सोपी आहे. बहुतेक गाड्यांत किल्ली चालू करून सेल्फ न मारता मागच्या सीटपाशी कान दिला, की साधारण दोन सेकंद बारीक घरघर ऐकू येते. ती आली नाही तर आधी फ्यूज पाहावा, मग त्याच आकड्यांचा हॉर्नचा रिले पंपाच्या जागी लावून पाहावा. घरघर येते तरी चढावर गाडी दम सोडते, तेव्हा दाब मोजावा किंवा फिल्टर बदलावा.

डिझेलच्या जीपमध्ये बहुधा ‘एअर धरली’ असते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असते, किंवा फिल्टरमध्ये पाणी आलेले असते. शेतावर ड्रममध्ये साठवलेले ट्रॅक्टरचे डिझेल गाडीत ओतले, की फिल्टरमध्ये पाणी येते. फिल्टरखालचा नट सोडून पाणी काढतात. मग ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढण्याचा, स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहतात; आधी फेस येतो, मग थुंकल्यासारखे बुडबुडे, आणि शेवटी डिझेलची अखंड धार. धार अखंड झाली की स्क्रू आवळायचा.

रात्री हेडलाइट आणि एसी चालू असताना दिवे मंदावत बंद पडणाऱ्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे यंत्र, मोजावा. चालू इंजिनवर बॅटरीच्या टोकांशी साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत.

ओबीडीच्या, म्हणजे स्वतःचा दोष कोडच्या रूपात नोंदवणाऱ्या, गाड्यांना तो कोड वाचायला स्कॅनर लावतात. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड आहे, पी००८७ म्हणजे रेलमध्ये, इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीत, इंधनाचा दाब कमी. पण कोड सर्किटचा असतो, सुट्या भागाचा नव्हे. कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदराने कुरतडली तरी हाच पी०३३५ दिसतो, म्हणून नवा सेन्सर घेण्याआधी वायरिंग बोटांनी चाचपावे.

कन्नडचा औट्रम घाट किंवा मांजरसुंबा घाट उतरताना इंजिन थांबले, तर धोका बिघाडापेक्षा मोठा असतो. स्टिअरिंग जड होते. ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पेडल हलके करणाऱ्या भागात) दोन-तीन दाबांपुरताच जोर उरतो, म्हणून पेडल पुन्हा पुन्हा सोडू नये; एकदाच घट्ट दाबून धरावे, खालचा गिअर टाकावा आणि डाव्या कडेला यावे. किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होते. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करण्याची सवय याच कारणाने घातक आहे. पुलावरच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारणेही टाळावे: सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी पूर्वी ज्या परिस्थितीत बंद पडत होती त्याच परिस्थितीत चालवून पाहतात. सकाळच्या गारव्यात गॅरेजभोवती मारलेली चक्कर उपयोगाची नाही. दुपारी तीनला, एसी लावून, माणसे बसवून, त्याच चढावर.