दंडुका म्हणजे सुरक्षा नव्हे

इंदूरला रामबागेत पोह्यांवर शेव भुरभुरता भुरभुरता एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बालसुधारगृह म्हणजे पोरांचा तुरुंगच, चार दंडुकेवाले शिपाई ठेवा, सगळी सरळ होतील." इथल्या बहुतेक मराठी घरांत हा समज पिढीजात आहे.

बाल न्याय कायदा, २०१५ वेगळं सांगतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. पकडल्यापासून २४ तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं (प्रवासाचा वेळ सोडून), आणि चौकशी चालू असताना जामीन नसेल तर निरीक्षणगृहात ठेवतात. आपल्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशात, त्यालाच बाल संप्रेक्षण गृह म्हणतात. तिथे मुलांना वय आणि आरोपाचं गांभीर्य पाहून वेगळं ठेवायचं असतं. शिस्तीच्या नावाखाली मारणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड. पुढच्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

मग सांभाळतं कोण? अधीक्षक, समुपदेशक, परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), आणि मुलांची रोजची देखभाल करणारा गृहपिता. फाटकावरचा पहारा लागतोच, पण तो पळून जाणं अडवतो. आतली मारामारी नाही. ती अडवतो रात्रपाळीचा गृहपिता. जेवणानंतर स्टीलचे चमचे मोजून घेताना रोज बडबडणारा पोरगा आज गप्प का, हे त्याच्या लक्षात येतं. पण त्यासाठी पोरं ओळखीची हवीत. दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी माणसाला ती कशी ओळखीची होणार? जागा रिकामी राहिली की एकाच्या गळ्यात दोन पाळ्या पडतात, आणि पेंगुळलेल्या माणसाच्या हातात दंडुका दिला तरी त्याला दिसायचं ते दिसत नाहीच.